हिरड्याला काबूलचं नाव

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा आता मला मध्येच थांबवणार नाही. बोलू द्या.

आणीबाणीच्या आधीचं वर्ष असेल. महाडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या तासाला तुम्ही हिरड्याची फांदी टेबलावर ठेवता. फांदी मीच पोलादपूरच्या डोंगरातून आणलेली. फळ्यावर लिहिता, टर्मिनालिया चेब्युला. टर्मिनस म्हणजे शेवट, पानं फांदीच्या टोकाशी गोळा होतात म्हणून. लॅटिनमध्ये झाडं स्त्रीलिंगी, म्हणून आपला तो हिरडा तिथे ती होतो. आणि चेब्युला म्हणजे काबूलची. मी विचारलं, झाड आमच्या डोंगरात, मग नाव काबूलचं कसं? युरोपात हा माल काबूलकडचा म्हणून पोचला, असं सांगून तुम्ही म्हणालात, "चुकलेलं का असेना, पहिलं ठेवलेलं नावच चालतं. नियम आहे." आणि त्याच दमात जुन्या आडनावाने मला खाली बसायला सांगितलंत.

ते आडनाव गावाने आजोबांना चिकटवलेलं. आम्ही कुणाच्या उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, ते सांगणारं. बौद्ध झाल्यावर बाबांनी ते टाकलं, मी कॉलेजात गेलो तेव्हा रीतसर बदलूनही घेतलं. मी उभाच राहिलो. म्हटलं, "सर, ते नाव आम्ही सोडलंय."

"हिरड्याने सोडलं का?" तुम्ही म्हणालात. वर्ग हसला.

त्यानंतरही हजेरी तुम्ही जुन्याच नावाने घेत राहिलात, आणि त्या नावाला मी 'हजर' म्हटलं नाही. पहिल्या बाकावर मी बसलेलो, आणि तुम्ही गैरहजेरी मांडताय. परीक्षेला बसू दिलं नाहीत. बाबा एवढंच म्हणाले, "वर्ष गेलं तर जाऊ दे रे. ते नाव परत घरात नाय आणायचं."

मग मी हिरड्याच्याच धंद्यात पडलो. वाड्यावाड्यांतून माल घेतो, कातळावर वाळवतो, कोवळा बाळहिरडा वेगळा काढतो. दुकानाच्या पाटीवर माझं आडनाव आहे, रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढं. नियम तुमचा खरा असेल, सर, पण तो झाडांचा. झाडाला कुणी विचारलं नव्हतं. आम्हाला तोंड आहे.

निवृत्त झाल्यावर एकदा तुम्ही खोकल्यासाठी हिरडा घ्यायला आलात. पाटी वाचलीत, चष्मा पुसून पुन्हा वाचलीत. मग म्हणालात, "शेठ, बाळहिरडा आहे का?" जुनं नाही, नवं नाही, शेठ. मला हसू आलं. पुडी बांधून दिली.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगतो. तुम्ही एसटीत चढेपर्यंत माझा कान तुमच्याकडेच होता. पाटीवरच्या नावाने एकदा हाक मारली असतीत, तर भरल्या दुकानात 'हजर' म्हणालो असतो.