निळ्याचे दगड

मावशी,

परवा रविवारी मी घरातल्या टाकीतले सगळे दगड काढून पुन्हा रचले, आणि तेव्हापासून तू डोक्यातून जात नाहीस. टाकी पाण्याची नव्हे, माशांची. तू होतीस तोवर आपल्याकडे मासा एकतर बाजारात असायचा नाहीतर तव्यावर. तो काचेत सोडून नुसता बघत बसायचं असतं, हे ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. त्यात ही टाकी खाऱ्या पाण्याची. इथे रत्नागिरीत भाट्याचा समुद्र माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे, आणि मी मुंबईहून मिठाची पिशवी मागवून बादलीत समुद्र कालवतो, कारण किनाऱ्याचं गढूळ पाणी या माशांना सोसत नाही. शेजारीपाजारी मला फारसा शहाणा समजत नाहीत, आणि त्यांचं फारसं चुकतही नाही.

टाकी माझ्या मुलीची. तिची आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. घर इतकं गप्प झालं होतं, की फ्रिज सुरू झालेलाही स्वयंपाकघरातून ऐकू यायचा. काहीतरी हलतंफिरतं असावं म्हणून मी टाकी आणली. भोकाभोकांचे पांढरेफटक दगड दुकानातून आणून आम्ही दोघांनी एकावर एक रचले, मध्ये कपारी ठेवल्या आणि एक बोटाएवढा निळा मासा सोडला. तीन वर्षांत दगडांवर जांभळट थर चढला, भोकांतून बारीक बारीक जीव डोकावायला लागले, आणि तो निळा त्या सगळ्याचा मालक झाला. मुलीने काचेवर बोट ठेवलं की तो आपल्या कपारीतून बाहेर येतो. माझ्या बोटाला येत नाही.

यंदा आम्ही त्याला सोबत म्हणून दुसरा मासा आणला. चौथ्या दिवशी तो पर फाटून तळाशी पडला. पुन्हा एक आणला, त्याचीही तीच गत. मी दुकानदाराकडे तक्रार घेऊन गेलो. तो जाळी धूत होता, मानही वर न करता म्हणाला, "सर, मासा वाईट नाय तो. त्याला वाटतं, घर माझं हाय, हा कोण आला? नवा सोडायच्या आधी दगड हलवा. सगळे. एक पण जुन्या जागेला ठेवू नका. मग त्याला पण घर नवं नि ह्याला पण नवं." एवढं साधं बोलणं, पण मी, पन्नाशीला टेकलेला कॉलेजातला मास्तर, त्या दुकानात डोळे पुसत उभा राहिलो. आपल्या घरात दगड कुणीच हलवले नव्हते, मावशी. तुला तसंच आत सोडलं होतं.

आई उंच होती. खेडच्या त्या घरात तिने स्वयंपाकघरातली फळी स्वतःच्या उंचीला ठोकून घेतली होती. मीठ, मसाला, सोलं, सगळं वर. ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा, आणि वर्षभरात आबांनी दुसरं लग्न करून तुला आणलं. तू त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हतीस. पहिल्याच आठवड्यात तू बरण्या खाली, चुलीजवळच्या कोनाड्यात उतरवल्यास. मी शाळेतून येतो, बघतो, आणि दप्तर तुझ्या अंगावर फेकतो. दोन दिवस मी जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आबा लोट्याच्या एमआयडीसीतली रात्रपाळी करून कंपनीच्या बसने आले. डोळे लाल, अंगाला कारखान्याचा वास. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, तुलाच म्हणाले, "कशाला हात लावलास? ठेव जिथलं तिथं." तू ठेवलंस. ओटीवर शेजारची काकी तुला म्हणत होती, "अगो, किती दिस चालवून घ्यायची त्या पोराची थेरं?" आणि तू हळूच म्हणालीस, "ऱ्हाऊ दे गो. त्याला तेवढाच आधार हाय." ते मी दाराआडून ऐकलं. ऐकून मला दया आली नाही, उलट आपण जिंकलो असं वाटलं.

मग तू माहेरून एक लाकडी स्टूल आणलंस. मिठासाठी वर, मसाल्यासाठी वर, दिवसातून दहा वेळा. स्टूल तेवढं तुझं होतं त्या घरात. ते मला बघवेना. एक दिवस शाळेत जाण्यापूर्वी मी ते माळ्यावर, गोणपाटांच्या मागे लपवून ठेवलं. तू शोधलं असशील, मग रॉकेलचा डबा उपडा घालून त्यावर चढलीस. मी परत आलो तेव्हा हात पोटाशी धरून तू जमिनीवर बसली होतीस आणि चुलीवरची आमटी करपली होती. मनगट मोडलं होतं. आबांनी विचारलं, "स्टूल कुठं होतं?" मी दारात उभा होतो. तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही. म्हणालीस, "शेजारी दिलंलं मीच. माझ्याच ध्यानात नाय ऱ्हायलं." दोन दिवसांनी मी स्टूल गुपचूप जागेवर आणून ठेवलं, आणि तू त्यावर चढून मीठ काढलंस, डाव्या हाताने. ते मनगट नीट जुळलंच नाही. पुढे तुझ्या हातची भाकरी एका अंगाला जाड व्हायची आणि मी ती जाड बाजू ताटात तशीच टाकून उठायचो. बारावीला रत्नागिरीला निघालो त्या दिवसापर्यंत टाकली. इतका हलकट होतो मी.

हे सगळं आज वर येण्याचं कारण वेगळं आहे. पुढच्या महिन्यात मी लग्न करतोय. ती चिपळूणला शाळेत शिकवते, तिचाही नवरा गेलेला. बाई शांत आहे. मुलीला सांगितलं तेव्हा तिने मोबाइलवरून मान वर केली आणि म्हणाली, "चांगलं आहे, बाबा." मला केवढं हायसं वाटलं! दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात गेलो तर प्रत्येक डब्यावर आणि डब्याखाली फळीवरसुद्धा तिच्या सुबक अक्षरातली लेबलं. मीठ. हळद. पोहे. तिची आई जिथे जे ठेवायची, तिथे ते. मी विचारलं, तर म्हणाली, "त्यांना सापडायला सोपं जावं म्हणून." आवाज अगदी गोड. मी त्या लेबलांकडे बघत राहिलो. मला नवव्या-दहाव्या वर्षी एवढी अक्कल असती, तर मीही हेच केलं असतं.

डब्यांना हात लावायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून मी दगडांना लावला. मुलीने आधी टाकीचा फोटो काढला. "परत लावायचे झाले तर," म्हणाली. मी दंडापर्यंत हात घालून एकेक दगड उपटत होतो, ती परातीत घेत होती. तळाची वाळू ढवळून निघाली, ओहोटीला खाडीला येतो तसा वास घरभर सुटला. खालचा मोठा उभा केला, उभा होता तो आडवा, कपारी सगळ्या बदलल्या. निळा सैरावैरा धावत होता, आपली कपार होती तिथल्या मोकळ्या पाण्यात पुन्हा पुन्हा येऊन थांबत होता. पाणी निवळल्यावर नवा नारिंगी मासा सोडला. दुकानदाराचं खरं झालं, त्याला कुणी डिवचलं नाही.

पण निळा खात नाही. आज तिसरा दिवस. नळीच्या मागे कोपऱ्यात अंग चोरून बसलाय, रंग राखेसारखा पडलाय. सकाळी मुलीने काचेवर बोट ठेवलं, तो आला नाही. ती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. "बाबा, त्याचं काय चुकलं?" ती नुसत्या माशाबद्दल बोलत नव्हती हे मलाही कळत होतं. दगड न हलवले तर एकाचा जीव जातो, हलवले तर दुसऱ्याचा. तू हे बहुतेक पहिल्याच आठवड्यात ओळखलंस आणि कुणाचा जायचा ते ठरवून टाकलंस.

मी तिच्याजवळ बसलो आणि तिला तुझ्याबद्दल सांगितलं. पहिल्यांदाच. फळी, बरण्या, दप्तर, माझा उपास, तू माहेरून आणलेलं स्टूल, मग तू डब्यावरून पडलीस ते, मनगट, जाड भाकरी. ती नाक ओढत ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे मी लेबलं काढावीत, असंच ना?" मी म्हटलं, "तुला वाटेल तेव्हा." असं वागणारी आपण एकटीच नाही, आपला बाप आपल्याहून वाईट वागला आणि तरी कुणीतरी त्याला सांभाळून घेतलं, एवढंच तिला आज ऐकायला हवं होतं. स्टुलाचं खरं माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात तिने विचारलं, "पण स्टूल होतं ना त्यांच्याकडे? ते कुठे गेलं?"

"शेजारी दिलं होतं तिने," मी म्हणालो. "आणि विसरली."

"वेंधळ्याच होत्या म्हणजे," ती डोळे पुसत जराशी हसली.

मी म्हटलं, "हो, होती जराशी."

हे पत्र घरात ठेवणार नाही. कॉलेजातल्या माझ्या खणाला कुलूप आहे.