कडी लावलेला रविवार

चि. रसेल यास,

कोरियातल्या पाजूहून ओक-बुन मावशीचा आशीर्वाद.

अमेरिकन छावणीच्या फाटकावर तू पहाऱ्याला असायचास. शेतावर जाताना मी विचारी, “जेवलास का?” आमच्यात ही नुसती विचारपूस. तू मात्र मोडक्या कोरियनमध्ये खरंच सांगायचास, “नाही, मावशी!” मग मी म्हणे, “ये की एकदा घरी.”

तेही बोलण्यापुरतंच. पण एका रविवारी तू सफरचंदं घेऊन आलास. शेजारीण ओरडली, “अगं, तुझा गोरा जावई आला!” माझी मुलगी लग्नाची, मी आतून कडी लावली. तू हाका मारून परतलास.

सोमवारी तूच विचारलंस, “चर्चला गेला होतात ना?” मी हो म्हटलं.

तुझी बदली झाली. देवापुढे कबुली दिली, तुझ्यापुढे राहिली. हे पत्रही टाकवत नाही. रसेल, मी घरातच होते. तुझ्यापुरता भातही होता.

तुला फसवणारी,
ओक-बुन मावशी