सर, प्रणालीचं पत्र मी स्वतः लिहिलं

प्रिय सर,

आमच्या प्रणालीला परदेशात एम.एस.साठी प्रवेश मिळाला. आज दुपारी कळलं, आणि सवयीने हात फोनकडे गेला. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं, तुमचा नंबर मात्र अजून पुसवत नाही. तो लागणार नाही, म्हणून वहीत लिहितोय.

तुम्ही तिला पाहिलेलं नाही. चांदूर बाजारची. मी शिकवतो त्या कॉलेजात इलेक्ट्रिकलला होती. दिवाळीनंतर शिफारसपत्र घेऊन आली, टाइप करून अगदी तयार! "सर, फक्त सही पायजे." आपल्याकडे रीतच आहे ना ही? पोरांनी स्वतःचं कौतुक स्वतः लिहायचं आणि आपण खाली सही ठोकायची. कागदावरची मुलगी अत्यंत हुशार, अत्यंत मेहनती, जन्मजात नेतृत्वगुण असलेली. मी विचारलं, "ही कोण?"

प्रश्न तुमचाच, सर! अकोल्याला तुमच्या केबिनमध्ये मीही असाच कागद घेऊन उभा होतो. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "काय बे नितीन, हा पोट्टा कोन आहे? मी त ओयखत नाही याले. मले त मोटर जाळनारा माहीत आहे."

लॅबमध्ये चुकीची जोडणी करून मी मोटर जाळली, हे तुम्ही खरंच लिहिलंत! आणि सुट्टीत घरी न जाता तीच मोटर मी पुन्हा भरली, बोटं सोलून निघेपर्यंत तार गुंडाळली, हेही लिहिलंत. प्रवेश मिळून तिकडच्या विद्यापीठात पोचलो तर प्राध्यापकांचा पहिला प्रश्न, मोटर जाळणारा तूच का? त्या परक्या गावात कुणीतरी मला आधीपासून ओळखत होतं. सर, माझे सुरुवातीचे एकटे दिवस त्यावर निघाले. हे तुम्हाला मी कधी नीट सांगितलं का? आठवत नाही.

तर मी प्रणालीला खुर्ची दिली, चहा मागवला आणि विचारत गेलो. तिचं प्रोजेक्ट म्हणजे संत्री रंगावरून निवडणारं यंत्र. बाहेरचे परीक्षक खूश होऊन उठत होते, तेवढ्यात तीच म्हणाली होती, "सर, सेन्सरवर धूळ बसली की हे चुकते." गुण कापले गेले. परीक्षा संपल्यावरही ती लॅबमध्ये येत राहिली, यंत्र सुधारेपर्यंत. मी म्हणालो, "हेच लिहितो."

ती रडकुंडीला आली. "काहून सर? माह्या मशीनमधली चूक त्याइले कायले सांगता? बाकीच्याइचे सर कसं मस्त लिहून देतात!"

तिचं चुकत होतं का? तिच्या घरातून इतकं शिकणारी ती पहिली. माझ्या तत्त्वापायी तिची वाट बंद झाली तर? ती अखेर "लिहा मंग" म्हणाली, पण मनापासून नाही. मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पाठवलं. मग एका विद्यापीठाचा नकार आला. त्याच आठवड्यात ती बडनेरा स्टेशनवर दिसली आणि माझ्याकडे न बघता पुढे गेली. मोटरचं लिहिताना तुम्हालाही अशीच भीती वाटली होती का? विचारायला हवं होतं.

तुमच्यावर रागही आहे. शेवटच्या फोनवरसुद्धा "मस्त आहो मी" म्हणालात. आम्हा सगळ्यांची खरी पत्रं लिहिणारा माणूस, आणि स्वतःच्या तब्येतीला मात्र खोटं शिफारसपत्र!

आज तिचा फोन आला. आधी नुसतंच हसली, मग एकदम विचारलं, "सर, ते धुळीचं लिहिलंच होतं न तुमी?"

"हो. लिहिलं होतं."

"मंग बरं झालं. नाही त तिथं गेली असती दुसरीच कोनी. मले तिले सांभाळत बसा लागलं असतं."

पत्रामुळे झालं की गुणांमुळे, ते कुणी सांगत नाही. मीही तुमच्या नावावर फुकटचं श्रेय मांडणार नाही. पण फोन ठेवला आणि तुम्हाला सांगायला ही वही काढली.

उद्या आणखी एकजण सहीला येणार आहे, कागद तयार घेऊन. शब्द देतो, सर, आधी त्याला खुर्ची देईन. आणि तो कोण आहे हे कळल्याशिवाय पेनाचं टोपण काढणार नाही.

तुमचा,
मोटर जाळणारा नितीन