वीराचा हात

३ जून
आले एकदाची लेकीच्या घरी! स्वतंत्र खोली, खिडकीला लागून टेबल, आणि बाहेर भिंतभर टीव्ही. मी बॅग उघडायच्या आधीच लेकीने हातात खोकं ठेवलं. आमच्या वीराच्या गेमचा अकरावा भाग! पहिला भाग खेळलो तेव्हा ती माझ्या मांडीवर मावत होती. वीर डाव्या हातात तलवार धरायचा. ते पाहून माझे डोळे भरून आले होते. शाळेत सिस्टर माझा डावा हात रिबिनीने बाकाला बांधून ठेवत, आणि हा पठ्ठ्या त्याच हाताने राक्षस लोळवत होता.

४ जून
हिरमोड! या भागात वीर उजवा झालाय. लेक म्हणाली, जग उजव्यांचं आहे आई, आता काय मोर्चा नेणार आहेस? पण सेटिंगमध्ये सोय सापडली. वीराचा हात डावा केला. खाली आणखी एक प्रश्न होता : तुमचा हात? मी 'उजवा' दाबलं. पन्नास वर्षांची सवय. कोणी विचारलं की उजवाच सांगायचा. प्रत्येक फॉर्मवर तेच लिहीत आलेय. चारचौघांत सगळं उजव्यानेच. डाव्याने लिहिते ती फक्त ही रोजनिशी, आणि खेळते तो फक्त हा खेळ.

७ जून
खेळ झकास आहे. दरी ओलांडली, दलदलीतला साप मारला. डावी करंगळी मात्र बधिर झालीय. लेक म्हणते, चार-चार तास खेळल्यावर आणखी काय होणार, वय काय तुझं!

९ जून
आता अख्खा पंजा. एक गोष्ट लेकीला सांगितलेली नाही. वीराच्या डाव्या मनगटावर इस्त्रीचा चटका दिसतो. तिरका, माझ्यासारखाच. माझ्या मनगटावरचा मात्र गेलाय.

१० जून
डॉक्टरांकडे जाऊन आलो. नसा ठीक, रक्त ठीक. कामाचा हात कोणता, त्यांनी विचारलं. तोंडातून गेलंच : उजवा. मग फारसं अडणार नाही, म्हणाले. जिन्यात लेक भडकली. खोटं का बोललीस, म्हणाली.

१२ जून
उजव्याने लिहितेय. अक्षर वळणदार येतंय. सिस्टर खूश झाल्या असत्या.
सेटिंग बदलायला गेले. 'तुमचा हात?' हा प्रश्न फिका पडलाय, 'डावा' दाबलंच जात नाही. खेळ पहिल्यापासून सुरू केला, तरी फिकाच. लेकीने वायर उपटली. हात गार पडला, काळोखात कुठेतरी ठेवून दिल्यासारखा. नखं निळी झाली — पुन्हा लावायला लावली.

१४ जून
वीर नुसता उभा राहिला की राक्षस येतात. त्या हाताला ओरबाडतात. इथे, टेबलावर, माझी कातडी सोलली जाते. म्हणून खेळते. एका हाताने. हरते.

१५ जून
शेवटचं दार. प्रत्येक भागात असतं. वीर दगडी जबड्यात हात घालतो, आणि आपण दोन्ही हातांनी दोन टोकांची बटणं एकदम दाबायची, तर जबडा उघडतो. एका हाताने पोचत नाही. तीनदा पाहिलं — दात मनगटात —

१५ जून, दुपार
लेक म्हणाली, दे इकडे, मी सोडवते. नको म्हटलं. हात जोडले असते, पण — ऐकत नाही. ती टीव्हीपुढे बसलीय. मला उठवत नाही. पेन घट्ट धरून बसलेय, दुसरं काय करू —

पडद्यावर नवा प्रश्न आलाय. हा मला कधी विचारला नव्हता. आईच्या बदल्यात कोणाचा हात? ती हसतेय. माझा घे की रे, म्हणतेय — अगं थांब, दाबू नकोस — आई, तू ना उगीच —

दाबलं.

जबडा उघडतोय. माझ्या बोटांत ऊब — देवा, किती बरं वाटतंय — बोटं हलतायत — आणि तिच्या हातातून कंट्रोलर —