वीतभर तिवई

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून घाबरू नकोस. पत्र मीच लिहितोय, खुर्चीत बसून, टेबलावर. हलतोय तो फक्त हात. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं, हा कंप जिवावर बेतणारा नाही, पण जाणाराही नाही, जुळवून घ्या. तुझ्या आईने तिथल्या तिथे त्यांना ऐकवलं की इतकी वर्षं मी ह्यांच्याशी जुळवून घेतलं, आता ह्यांची पाळी. डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही.

परवा कॅमेरा बाहेर काढला. समोरच्या गच्चीवर कबुतरं होती, एक अख्खा रोल त्यांच्यावर घालवला. धुवून आणला तर एकजात सगळे फोटो हललेले. फाडून टाकले. हललेला फोटो मी घरात ठेवत नाही, हे तुला सांगायला नको.

तेव्हा ठरवलंय. स्टुडिओत माझ्या जागी आलेला फोटोग्राफर महिनाअखेरीला येईल, त्याला कॅमेरा देऊन टाकायचा. माणूस कामाचा आहे, नीट सांभाळेल. तू तासाभराची होतीस तेव्हा ह्याच कॅमेऱ्याने तुझा पहिला फोटो काढला होता, आणि तुझ्या बाळाचाही मीच काढीन असा शब्द दिला होता. तो शब्द परत घेतोय, रागावू नकोस. जावईबापूंनी फोनवर काढावा. तब्येतीला जप. वरचेवर लिहीत जा, लोभ आहेच.

तुझा
बाबा


१० फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं, ते फाडलं नाही, एवढ्यावर समाधान माना. शब्द परत घेतोय म्हणे! दिलेला शब्द काय उसनी आणलेली शिडी आहे? मी तो परत घेणार नाही. फोनवरचे फोटो तुमच्या जावयांनी आधीच सुरू केलेत. माझ्या पोटाचे इतके काढतात की आमच्या मोजणीत टेकड्यांचेही तेवढे निघत नसतील.

माझं पोट आता दुर्बिणीच्या आड येतं, म्हणून साहेबांनी मला जमीन मोजायच्या कामावरून उठवून नकाशांच्या टेबलाशी बसवलंय. तिथे बसून तुमचाच विचार करत होते. तुमची स्टुडिओतली, कॅमेरा उभा करायची मोठी तिवई तुम्हाला आता उचलवणार नाही, आणि उचलली तरी आमच्या खोलीत ती उभी करायची तर पाळणा जिन्यात ठेवावा लागेल. म्हणून सोबत एक पुडकं पाठवतेय. आत टेबलावर ठेवायची छोटी तिवई आहे. पाय वीतभर. नाक मुरडू नका. मूर्ती लहान पण कीर्ती महान.

आणि एक मनातलं सांगते. माझ्या लहानपणाचे सगळे फोटो परवा पाहिले. सगळ्यांत मी खांबासारखी ताठ. तुमच्या "हलू नकोस!"ला घाबरून श्वास धरलेली. जिच्यामुळे तुम्ही मला भिंगरी म्हणता ती मुलगी एकाही फोटोत नाही, कारण ती होती ते सगळे फोटो तुम्ही फाडलेत. राग नाही, पण वाईट वाटलं. महिनाअखेरीपर्यंत कॅमेरा कोणालाही देऊ नका, एवढं ऐका. आईला नमस्कार. लोभ आटू देऊ नये.

तुमची
भिंगरी


१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पुडकं मिळालं. उघडल्यावर आई म्हणाली, हे तर कोळ्याचं पिल्लू दिसतंय. मला आधी संताप आला. ज्या कॅमेऱ्याने माझा खांदा कायमचा वाकवला, त्याला ह्या तीन काड्यांवर बसवायचं म्हणजे म्हशीला स्टुलावर चढवण्यातला प्रकार. पण तू पोटुशी, त्यात हट्टी. म्हटलं, एकदा करून बघावं, म्हणजे नाही जमलं असं सांगता येईल.

जेवणाच्या टेबलावर तिवई मांडली, कॅमेरा चढवला, पुढे लांब भिंग लावलं. हात काढला आणि कॅमेरा सपशेल तोंडघशी पडला! तुझ्या आईने आधीच पुढ्यात उशी ठेवली होती, म्हणून वाचला. ती त्याला जन्मभर सवत म्हणत आलीय, पण उशी तिनेच ठेवली, आणि ठेवली तीसुद्धा स्वतःची. दुसऱ्यांदा मधली दांडी वर ओढून पाहिली तर बाजूला कलंडला. तिसऱ्यांदा उभा राहिला, पण माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू मान टाकायला लागला, वर्गात पेंगणाऱ्या मुलासारखी.

तर बघ, प्रयत्न केला. शेवटचा शनिवार ठरलाय, त्या दिवशी तो फोटोग्राफर येईल. खरं सांगायचं तर काल रात्री कॅमेरा पुसून ठेवताना माझा जीव कासावीस झाला. तुझ्यापासून काय लपवायचं? प्रकृतीचं कळव, आणि म्हाताऱ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझा
बाबा


२३ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

वाचून हसले आणि मग हात कपाळाला लावला. बाबा, तुम्ही फोटोग्राफर खरे, पण तिवई हा माझा धंदा आहे. आम्ही लाखमोलाचं यंत्र रोज माळरानावर तीन पायांवर उभं करतो आणि वारा त्याला धक्के देत असतो. तेव्हा आज मास्तरीण मी.

यंत्राच्या मधून आम्ही ओळंबा सोडतो. तुम्हीही मनातल्या मनात सोडा. कॅमेऱ्याचा सगळा भार जिथे आहे तिथून दोरी खाली सोडली तर ती तीन पायांच्या आत पडली पाहिजे. लांब भिंग लावलं की भार पुढे सरकतो, दोरी पायांच्या बाहेर पडते, आणि पुढचं आईच्या उशीला ठाऊक आहे. म्हणून तिवई अशी फिरवा की एक पाय बरोबर भिंगाच्या खाली, भिंगाच्याच दिशेला येईल. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे माणसांना, तिवईने सगळे पाय पसरायचे. मधली दांडी पार खाली. कॅमेरा उभा वळवायचा नाही, भार बाजूला जातो. आईकडून वाळूची पुरचुंडी शिवून घ्या आणि पायांवर ठेवा.

मान टाकतो त्याचंही सांगते. स्क्रू आवळला तरी भार पडल्यावर तिवईची मान थोडी झुकतेच. आधीच चिमूटभर वर रोखा, झुकून होऊ द्या, मग फोटो. आणि शेवटचं, बटण हाताने दाबून धरू नका. ती थोड्या वेळाने आपोआप फोटो काढायची खिट्टी आहे ना? ती ओढा आणि हात मांडीवर ठेवा. मांडीवर तो हवा तेवढा हलू दे.

शनिवारच्या आधी करा. आईला सांगा, उशी परत घेऊ नकोस. कृपा असू द्यावी, आणि ऐकण्याचीही सवय असू द्यावी.

तुमची
भिंगरी


४ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

काय लिहू, कसं लिहू! कॅमेरा उभा आहे. हे लिहितोय तेव्हासुद्धा समोर टेबलावर उभा आहे. एक पाय भिंगाखाली, पायांवर वाळू. तेवढा धोंडा त्या वीतभर काड्यांवर बसलाय आणि तसूभर हलत नाही. मी त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या. टेबलाला हलकेच टिचकी मारून पाहिली. आई म्हणाली, लग्नातसुद्धा तुम्ही माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

मग त्याला डोळा लावला. स्वयंपाकघराच्या नळाला एक थेंब लोंबत होता आणि तो स्थिर होता, भिंगरी! कित्येक महिन्यांत ह्या चौकटीतून मी काही स्थिर पाहिलं नव्हतं. मला वाटायला लागलं होतं की जगच हलतंय. मी ढसाढसा रडलो. आईने उठून नळ घट्ट केला.

पण खरी गंमत पुढे आहे. आई टेबलाशी मटार सोलत बसली होती. मी खिट्टी ओढली, हात मांडीवर घेतले आणि बाजूच्या खुर्चीत बसलो. खिट्टी घरघरत होती. तेवढ्यात एक दाणा उडून आईच्या चष्म्यावर आपटला, ती दचकली आणि खुदकन हसली, कॅमेऱ्याचं खट्ट झालं. आणि मी चमकलो. तिचं ते हसणं मी पाहिलं होतं! तुला सांगतो, आमच्या कॅमेऱ्यात आरसा असतो, त्यातूनच डोळ्याला समोरचं दिसतं. बटण दाबलं की तो आरसा उचलला जातो आणि फोटो निघतो तेवढा वेळ डोळ्यापुढे अंधार होतो. हे मी स्टुडिओत शिकायला येणाऱ्या पोरांना शेकडो वेळा शिकवलंय. पण त्याचा अर्थ असा, की जन्मभर जे जे क्षण मी टिपले, त्यांतला एकही मी पाहिलेला नाही. नेमक्या त्याच वेळी मी अंधारात होतो. तुझा पहिला फोटोसुद्धा. एवढं साधं मला ह्या वयात, मटाराच्या दाण्याने सांगितलं.

शनिवारी तो फोटोग्राफर आला. त्याला चहा पाजला, तिवई दाखवली आणि रिकाम्या हाताने परत पाठवला. बिचारा जाताना तिवईला नमस्कार करून गेला. शब्द परत देतोय, आता जपून ठेव. तुझ्यावर जीव आहे, हे वेगळं कशाला लिहू!

तुझा
बाबा


२ एप्रिल

ती. बाबांस व आईस सा. न. वि. वि.

फोन केलाच होता, पण पत्राशिवाय बातमी पक्की होत नाही. मुलगी झाली. नाक तुमचं आहे, त्याला माझा इलाज नाही. दोघंही या. खिडकीशी पाळणा आहे, शेजारी स्टूल बसेल एवढी जागा मी स्वतः मोजलीय. बाळाचा स्वेटर विसरलात तरी चालेल, वाळूची पुरचुंडी विसरू नका. आणि एक अट, हिला "हलू नकोस" म्हणायचं नाही. वाट पाहतेय.

तुमची
भिंगरी


२१ एप्रिल

चि. भिंगरीस व तिच्या भिंगरीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. घर फार शांत वाटतंय. आई दिवसातून चार वेळा म्हणते की आता ती उठली असेल.

रोल धुवून आला. तुम्हा तिघांचे फोटो छान आलेत, ते पाठवतोय. सोबत आणखी एक आहे, त्याबद्दल सांगायचंय. त्या ढगाळ दुपारी तू झोपली होतीस. मी पाळण्याशेजारी स्टुलावर तिवई मांडली, भिंगाखाली पाय, पायांवर वाळू. उजेड अगदी कमी, म्हणून फोटो सावकाश, कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवून घ्यावा लागणार होता. खिट्टी ओढली. तेवढ्यात बाळाच्या तोंडावर दुपट्याचं टोक आलेलं दिसलं, ते बाजूला करायला हात घातला, तर तिने माझं बोट धरलं. झोपेतच. खिट्टी घरघरतेय, आणि मला बोट सोडवून घेता येईना. खरं म्हणजे घ्यावंसं वाटेना. तांदळाच्या कणीएवढ्या नखांची ती बोटं एकेक करून माझ्या बोटाभोवती मिटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं. खट्ट झालं तेव्हाही पाहत होतो.

फोटो हाती आला. तिचा चेहरा इतका स्वच्छ की पापण्या मोजाव्यात. माझा हात मात्र हललेला, नुसता धुरकट. सवयीने मी फाडायला दोन्ही हातांत धरला, आणि मग नीट पाहिलं. तिची मूठही हललीय. बाकी ती सगळी स्थिर, फक्त तेवढी मूठ माझ्या हातासारखीच धुरकट. बोट थरथरत होतं, पण तिने सोडलं नाही.

ह्याच्या दोन प्रती काढल्या. एक आमच्या भिंतीवर लावलीय, घरातला पहिला हललेला फोटो. दुसरी तुझी. जन्मभर मी सगळ्यांना हलू नकोस म्हणत आलो, तुला तर फारच. ती मात्र मला काहीच म्हणाली नाही. माझ्याबरोबर हलली.

दोघींवर लोभ आहे, तो असाच थरथरता गोड मानून घ्यावा.

तुझा
बाबा