रत्नाच्या नावाचं गाऱ्हाणं

नाहूर, २० ऑगस्ट १९८६

ती. सौ. विमलाताईस रत्नप्रभाचा शि. सा. न. वि. वि.

लवूदादाने दारू सोडल्याला आज एकाहत्तर दिवस झाले. आई रोज त्याची विचारपूस करायला जवळ जाते, म्हणजे तोंडाचा वास घेते. तो मुलुंडला दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला नेमाने जातो आणि चार-चार भाकऱ्या हाणतो.

एकतीस तारखेच्या रविवारी जिल्ह्याच्या कबड्डी संघाची निवड आहे. मी येत नाही असं आमच्या कॅप्टनला, शकुला, कळवून टाकलं. आईबाबा मामाकडे बारशाला जाणार आणि दादाला एकटं सोडायचं नाही. पुढच्या वर्षी बघू.

रागावलीस तरी माया आटवू नकोस.
तुझी रत्ना

कांदिवली, २५ ऑगस्ट १९८६

चि. रत्नास अनेक आशीर्वाद.

पुढच्या वर्षी काय बघणार, कपाळ? गेल्या वर्षीही हेच म्हणालीस. मी लग्न करून सुटले आणि तुला तिथे पहाऱ्यावर बसवलं, याची मला लाज वाटते. भावाची काळजी कर, पण त्याची हवालदार होऊ नकोस. माझ्या लहानग्या नंदाला गोवर आलाय, नाहीतर मीच येऊन बसले असते. हे पत्र लवूला दाखव.

खेळलीस असं कळव, म्हणजे मला जेवण गोड लागेल.
तुझी ताई

नाहूर, ८ सप्टेंबर १९८६

ती. सौ. ताईस लवूचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र रत्नाने दाखवलं नाही. पिठाच्या डब्यामागे लपवलं होतं, ते मला साखर शोधताना मिळालं. आईला वाटलं, मी बाटली शोधतोय! वाचून आधी राग आला, मग रडू आलं. मला राखण नको असं म्हणणार नाही, मन अजून घसरतं. पण ती रत्नानेच का करायची? मीटिंगमधल्या मधुकरला निवडीच्या रविवारी बोलावलं आणि आम्ही दोघांनी तिला मैदानावर नेलं. शेवटच्या चढाईत तिने तिघींना बाद केलं. मी इतका ओरडलो की पंचांनी मलाच ताकीद दिली. निवड झाली गं तिची!

काल गणपतीपुढे बाबांनी गाऱ्हाणं सुरू केलं, लवूची दारू सुटू दे म्हणून. तीन वर्षं बाबांचं देवाकडे हेच एक मागणं आणि त्यावर आपलं सगळ्यांचं व्हय महाराजा. गाऱ्हाणं मधे तोडायचं नसतं, ठाऊक आहे, पण मी बाबांचा हात धरला आणि म्हटलं, माझं पुष्कळ मागून झालं, यंदा रत्नाचं घाला. बाबा गोंधळले. तिच्यासाठी काय मागायचं हेच त्यांना माहीत नव्हतं. शेवटी तिलाच विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, रविवार माझा मला मिळू दे.

ताई, सगळ्यांत मोठ्याने व्हय महाराजा मी म्हटलं.

तुम्हा दोघींची माया अशीच लाभू दे.
तुझा लवू