भाऊंचा डावा हात

तळेगाव दाभाडे,
डिसेंबरअखेर

प्रिय तेजल,

हातानं पत्ता लिहिलेलं पाकीट बघून तू आधी दचकशील आणि मग म्हणशील, कौसरचं नेट गेलं वाटतं. नेट आहे, फोनही आहे. पण फोनवर तू मधे मधे प्रश्न विचारतेस आणि माझी गाडी रुळावरून घसरते. म्हणून आज कागदावर लिहितेय. चहा करून घे आणि निवांत बस.

इकडे थंडी छान पडलीय. वराळ्याची खाचरं कापून मोकळी झाली. तुझ्या चुलत्यांनी भाऊंकडे नवा इंद्रायणी तांदूळ धाडला, त्यातला निम्मा भाऊंनी आमच्याकडे पोचवला. अम्मीनं दोन दिवस नुसता भात आणि तूप वाढलं, दुसरं काही केलंच नाही. अम्मीची नात, इर्शादची लेक, रांगायला लागलीय आणि स्टुडिओतल्या निळ्या पडद्याला लोंबकळते. आणि ज्याच्यासाठी तू गेली दोन-तीन वर्षं माझ्या मागे लागली होतीस, ते एकदाचं झालं. मी कॅमेरा घेतला.

जुन्या कॅमेऱ्याला मी नावं ठेवणार नाही. लग्नाचा मांडव, भर उन्हातलं जावळ, पासपोर्टचे फोटो, सगळं त्यानंच निभावलं. फक्त नाटकाला नेला की रुसायचा. आपल्या सुहासला तू ओळखतेसच. तो दिवे असे लावतो की अर्धा चेहरा दिसावा आणि अर्धा लोकांनी मनात भरावा. प्रेक्षकांना ते आवडतं, माझ्या कॅमेऱ्याला मात्र सोसायचं नाही. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, वाढवला की फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे. नाही वाढवला तर शटर इतकं सावकाश मिटायचं की नट जरा वळला तरी त्याचा धूर व्हायचा. म्हणून मी एकदा फ्लॅश मारला होता, आठवतं? भाऊंचं स्वगत रंगात आलेलं. ते थबकले, वर बघितलं आणि म्हणाले, "वीज चमकली. पाऊस येणार दिसतो." आणि पुढचं वाक्य जसंच्या तसं उचललं. तू वडिलांना भाऊ म्हणायचीस म्हणून आख्खी नाटकमंडळी त्यांना भाऊ म्हणायला लागली, पण त्या दिवशी मला ते पहिल्यांदा खरंच माझे कोणीतरी वाटले. स्टेजवर स्वच्छ पुणेरी बोलणारा हा माणूस विंगेत आला की वराळ्याचा होतो. मला म्हणाले, "पोरी, तुज्या उजेडानं मी आंदळा झालो आन् निजलेलं पब्लिक जागं झालं. आता हा दिवा घरी ठेव." रागावणं म्हणून काय ते एवढंच.

अब्बा गेल्यावर मी एकटी दुकानात बसायला लागले, तेव्हाचं तुला कदाचित ठाऊक नसेल. लोक दारातून डोकवायचे, मुलगी बघून पुढे जायचे. भाऊ कारखान्यातून सुटले की थेट स्टुडिओत येऊन बसायचे. ओळखीचा दिसला की हाक मारून आत घ्यायचे आणि सांगायचे, राजमहंमदच्या हातातली कला लेकीत उतरलीय, बस खुर्चीवर. ते सगळं आज का लिहितेय ते कळेल पुढे.

तर कॅमेरा. पुण्याला जाऊन घेतला. दुकानदाराला म्हटलं, उजेडातले नमुने नका दाखवू, जिन्याखालचा फोटो काढू द्या. तिथे खोकी रचलेली होती, डोळ्यांना धड दिसत नव्हती. फोटोत खोक्यावरची अक्षरं वाचता आली. सेन्सर मोठा, सोबत मोठ्या तोंडाची लेन्स, आणि शटरचा आवाज अजिबात नाही. घरी आल्यावर दिवे घालवून गॅसच्या ज्योतीवर अम्मीचा फोटो काढला. ती फोटो बघून म्हणाली, सुरकुत्यासुद्धा मोजून आल्यात, हा कॅमेरा मला नको. मी मात्र लहान मुलासारखी खूश होते.

दिवाळीनंतर लोणावळ्यात एका शाळेच्या सभागृहात नव्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. कुसगावच्या अनिता मॅडमनी लिहिलंय, बसवलंयही त्यांनीच. भाऊ त्यात निवृत्त स्टेशनमास्तर आहेत. दुसऱ्या अंकात मुलगा आणि सून पलीकडच्या खोलीत भांडतात आणि भाऊ खुर्चीत बसून नुसतं ऐकतात. एक शब्द नाही. सुहासनं खुर्चीवर कंदिलाएवढाच उजेड ठेवलाय. पूर्वी त्या प्रवेशात मी कॅमेरा खालीच ठेवला असता. आता मात्र भाऊ निश्चल बसलेले होते, म्हणून शटर मुद्दाम सावकाश ठेवलं आणि ओळीनं फोटो काढत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत मोठ्या पडद्यावर ते उघडले. तेजल, काय सांगू तुला. भाऊंच्या पापण्या वेगळ्या दिसत होत्या. शालीच्या काठाचा धागा सुटलेला दिसत होता. फक्त गुडघ्यावरचा डावा हात धूसर. बोटांच्या जागी नुसती सावली. पुढचा फोटो बघितला, तेच. त्याच्या पुढचा, तेच. मला आधी कॅमेऱ्याचाच राग आला. लेन्समध्ये खोट असणार म्हणून दुकानदाराला फोनवर बरंच बोलले. त्यानं शांतपणे सांगितलं की खोट असती तर प्रत्येक फोटोच्या एकाच कोपऱ्यात दिसली असती, हात सरकेल तिथे नाही. त्याचं म्हणणं खरं होतं. मग मी जुन्या नाटकांचे फोटो काढून बसले. त्यात सगळंच धुरकट, म्हणून कधी लक्ष गेलं नव्हतं. पण भाऊ बसलेले असले आणि चेहरा बरा आलेला असला, की हात तेवढा पुसलेला. कॅमेऱ्याचा दोष म्हणून मी ते फोटो बाजूला टाकत आले होते.

पुढच्या तालमीला मी फोटो काढले नाहीत, नुसती बसून राहिले. भाऊंनी भूमिकेत आता एक वर्तमानपत्र घेतलं होतं, पहिल्या प्रयोगात नसलेलं, ते सतत डाव्या हातात. वर्तमानपत्र ठेवलं की कोटाचं बटण. बटण सोडलं की हात खिशात. अनिता मॅडम बाकीच्यांना सांगत होत्या, बघा, भाऊंनी म्हातारपण किती बारकाईनं धरलंय. भाऊ खाली बघत होते.

मग मी फोटो छापून तुमच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत दहादा ठरवलं होतं. पण भाऊंनी फोटो हातात घेतले, चष्मा लावला, एकेक बघितला आणि माझ्याआधी तेच बोलले.

"कॅमेरा चांगला घेतलास."

त्यांनी फोटो टिपॉयवर ठेवले आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर तो हात मांडीवर मोकळा सोडला. तो हलायला लागला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. मग म्हणाले, "दोन वर्सं झाली. ह्यो हात माजं ऐकत न्हाई. बाकी सगळा मी हाय तितंच हाय."

डॉक्टरांना दाखवलं नव्हतं. कुणाला सांगितलं नव्हतं. तेजलला कळवूया म्हटल्यावर मात्र त्यांचा आवाज चढला. सविताकाकूंच्या आजारपणाची सगळी वर्षं त्यांनी माझ्यासमोर उलगडली. तू नोकरी सोडलीस, ठरत आलेलं लग्न लांबणीवर टाकलंस, आईला कुशीवर वळवायला पहाटे उठायचीस. "तिचं आत्ता कुटं बस्तान बसतंय. परत माज्यापायी तिनं सगळं सोडायचं? न्हाई जमायचं." मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं की डॉक्टरांकडे माझ्याबरोबर यायचं, मग मी गप्प बसेन.

पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं उघडमीट करायला लावली, दोन ओळी लिहायला सांगितल्या. कंपवात आहे. घाबरू नकोस, पुढचं वाच. डॉक्टर म्हणाले की हात कामात असला की थांबतो, रिकामा राहिला की सुरू होतो, हे या आजाराचंच लक्षण. तो सावकाश वाढतो, गोळ्यांनी बराच आवरता येतो, आणि चालणं, मोठ्यानं बोलणं, नाटक करणं, यातलं काही सोडू नये. भाऊंनी सगळं ऐकून एकच विचारलं, "पाठांतर ऱ्हाईल का?" डॉक्टरांनी आत्तातरी त्याची काळजी करू नका म्हणून सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी खुर्चीला पाठ टेकली.

त्याच आठवड्यात त्यांनी मंडळींना सांगितलं, स्वतःहून. तालीम सुरू व्हायच्या आधी उभे राहिले, आजाराचं नाव सांगितलं आणि म्हणाले की भूमिका दुसऱ्या कुणाला द्या, मी त्याच्याकडून पाठ करून घेईन. सुनेचं काम करणारी प्रेरणा म्हणाली, मी त्या प्रवेशात भांडण सोडून चहा घेऊन येते आणि तुमचा हात धरून बसते. भाऊंनी नकारार्थी मान हलवली. लपवायचा म्हणून धरू नकोस, म्हणाले. अनिता मॅडमना वाटत होतं की हलू दे हात, भूमिकेला शोभतोच. तेही त्यांना पटेना. लोक त्याला अभिनय समजून टाळ्या देतील आणि आपण त्या घ्यायच्या, ही चोरी झाली असं त्यांचं म्हणणं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "भाऊ, नाटकात तुमच्या पायात काटा रुतला तर तुम्ही लंगडालच ना? लोकांना काय समजायचं ते समजू दे. मला खुर्चीत दुसरा माणूस नकोय." भाऊंनी वर्तमानपत्राची घडी घालून सुहासच्या हातात दिली आणि जाऊन खुर्चीत बसले.

दुसरा प्रयोग गेल्या रविवारी झाला. तो प्रवेश आला. हात गुडघ्यावर उघडा होता आणि तो हलत होता. पलीकडे मुलगा आणि सून भांडत होती, पण सभागृहात कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. मी शटरचा वेग वाढवला असता तर नव्या कॅमेऱ्यानं तो हात जागच्या जागी थांबवून दाखवला असता. एकदा बोट वेगाच्या चाकावर गेलंही होतं. मग तसंच ठेवलं. विंगेत आल्यावर भाऊ पाणी प्यायले आणि म्हणाले, "लय हलकं वाटलं." तो फोटो सोबत ठेवलाय. चेहरा बघ, डोळे बघ. हात धूसर आलाय, तो तसाच यायला हवा होता.

आता हे पत्र का, ते सांगते. दर रविवारी तुझा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा भाऊ फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवतात, म्हणजे छातीच्या खालचं तुला दिसत नाही. प्रत्येक वेळी ठरवतात की आज सांगायचं. तू नव्या ऑफिसचं सांगत राहतेस, हसतेस, आणि त्यांना धीर होत नाही. मग त्यांनी लिहून बघितलं. पण हा आजार उजव्या हाताच्या अक्षरालाही धरतो, ओळ पुढे जाते तसं ते बारीक बारीक होत जातं आणि शेवटी त्यांनाच वाचता येत नाही. काल संध्याकाळी ते स्टुडिओत आले आणि म्हणाले, तू लिही. आत्ताही समोर, पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर ताठ बसलेत आणि मधून मधून विचारतायत, झालं का. संक्रांतीनंतरच्या रविवारी दुपारी तळेगावातच प्रयोग आहे. त्यांनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत लिहिते: "तिला म्हणावं, बघायला ये. सांबाळायला येऊ नको." पहिल्या रांगेतली खुर्ची सुहासनं धरून ठेवलीय. तू येणार हे मला ठाऊक आहे, म्हणून ते विचारत नाही. फक्त हे वाचून झालं की डोळे पूस आणि फोन कर. मला नको, त्यांना कर. रविवारची वाट बघू नकोस.

तुझीच,
कौसर